अग्निकर्म आणि मज्जातंतूंचें रक्षण



रत्नागिरी शहरांतून पावसकडे जाऊं लागलें म्हणजे काजळी नदीच्या मुखावरील पूल ओलांडतांच भाट्ये हें गांव लागतें. एका बाजूस खाडी, समोर अरबी समुद्र, मध्यें लांबलचक पुळण आणि पुळणीच्या कडेनें सुरूचें बन, असें हें स्थळ आहे. वैशाखांत भर दुपारीं या पुळणीवर जो अनवाणी चालेल त्याचा पाय कोरड्या वाळूवर ठरणार नाहीं. परंतु लाट जेथवर येऊन गेली असेल त्या ओल्या पट्ट्यावर पाऊल पडतांच त्याच्या जिवांत जीव येईल. ऊन तेंच आणि वाळूहि तीच. फरक एवढाच कीं, एका ठिकाणीं वाळूच्या कणांमध्यें पाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणीं तें नाहीं. पाणी तापण्यास पुष्कळ उष्णता लागते. म्हणून जेथें पाणी आहे तेथें ताप सावकाश चढतो. आजच्या भाषणाचा विषय शस्त्रक्रियेचा असला, तरी त्यांतील एक महत्त्वाचा उपाय या ओल्या वाळूहून फारसा निराळा नाहीं, हें पुढें आपल्या ध्यानांत येईल.

हल्लीं अनेक रोगांवर मोठा छेद न घेतां, सुईएवढ्या किंवा पेन्सिलीएवढ्या वाटेनें उपकरण आंत नेऊन उष्णतेनें रोगट भाग नष्ट करतात. लोक याला ‘लेसरचें ऑपरेशन’ किंवा ‘दुर्बिणीचें ऑपरेशन’ अशा ढोबळ नांवांनीं ओळखतात. रोगी त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं घरीं जातो, टांके नसतात किंवा अगदीं थोडे असतात, आणि कामधंदाहि लवकर सुरू होतो. हे लाभ खरे आहेत. पण छेद लहान झाला म्हणून शरीराच्या आंतली दाटी कमी होत नाहीं. ज्या भागाला जाळावयाचें त्याच्या शेजारींच कित्येकदां एखादा मज्जातंतु गेलेला असतो, आणि त्याला उष्णतेची झळ लागली तर रोग बरा होऊनहि पायाला बधिरपणा राहतो, पाऊल उचलत नाहीं किंवा आवाज बसतो. हें टाळण्यासाठीं शस्त्रवैद्य काय करतात आणि रोग्यानें स्वतः काय करावें, तें मी आज सांगणार आहें.

प्रथम शब्दांचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या बोलण्यांत ‘शीर’ आणि ‘नस’ हे शब्द रक्तवाहिनीलाहि लावतात आणि मज्जातंतूलाहि लावतात. ‘पायाची शीर फुगली’ असें म्हणतांना आपण रक्तवाहिनीविषयीं बोलत असतों. ‘कंबरेंत शीर दबली’ असें म्हणतांना मज्जातंतूविषयीं. रक्तवाहिनी ही पोकळ नळी आहे. पायांतील वरची एखादी नीला बंद केली, तरी रक्त दुसऱ्या वाटेनें हृदयाकडे जातें. मज्जातंतूची गोष्ट तशी नाहीं. तो संदेश नेणाऱ्या सूक्ष्म तंतूंचा जुडगा आहे. कांहीं तंतु त्वचेवरील स्पर्श, ताप आणि वेदना मेंदूकडे पोंचवितात, कांहीं मेंदूची आज्ञा स्नायूंकडे आणतात. एक मज्जातंतु निकामी झाला तर त्याचें काम दुसऱ्यानें सहसा होत नाहीं. म्हणून ‘शीर जाळणार’ असें वैद्यानें म्हटलें तर कोणती शीर जाळणार आणि कोणती वांचविणार, हें समजून घेण्याचा रोग्याला पूर्ण अधिकार आहे.

उष्णतेनें रोग बरा करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील बारावा अध्याय अग्निकर्माचाच आहे. तापविलेल्या शलाका, तापलेला मध, गूळ आणि स्नेह अशीं साधनें त्यांत सांगितलीं आहेत, आणि दाह कमी झाला, योग्य झाला कीं जास्त झाला, याचे प्रकारहि वेगळे करून दाखविले आहेत. विशेष म्हणजे अग्नि लावण्यापूर्वीं वैद्यानें रोगाचें स्थान, जवळचीं मर्में, रोग्याचें बळ आणि ऋतु यांचा विचार करावा, असें तेथें बजावलें आहे. शारीरस्थानांत 107 मर्में मोजलेलीं आहेत, आणि त्यांना इजा झाल्यास काय परिणाम होतात त्याचें वर्णन आहे. खेड्यापाड्यांतून पोटदुखीवर किंवा लहान मुलांच्या आजारावर तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याची जी रीत पडली, तींत अग्नि तेवढा राहिला आणि मर्माचा विचार मात्र गळून गेला. ती रीत त्याज्यच आहे. पण अग्नि हातीं घेण्याआधीं शेजार पाहावा, हा त्या जुन्या ग्रंथांतील विवेक आजच्या शस्त्रक्रियागृहांतहि तितकाच लागू आहे.

आतां आजचा अग्नि कसला आहे तें पाहूं. त्यांतील एक मुख्य प्रकार विजेचा आहे. घरांतील विजेचा प्रवाह दर सेकंदास पन्नास आवर्तनें करतो आणि त्याचा धक्का बसला तर स्नायु आंखडतात, कधीं प्राणहि जातो. 1891 च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ द’आर्सोन्वाल यांनीं असें दाखविलें कीं, हींच आवर्तनें सेकंदास दहा हजारांहून अधिक झालीं तर स्नायु व मज्जातंतु धक्क्यानें उत्तेजित होत नाहींत. मात्र प्रवाह पुरेसा असेल तर शरीराचा तो भाग तापतो. या शोधावर पुढची सारी इमारत उभी राहिली. 1926 सालच्या ऑक्टोबरांत बॉस्टन येथील पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयांत हार्वे कुशिंग या मेंदूच्या शस्त्रवैद्यानें विल्यम बोव्ही यांनीं बनविलेलें विद्युत्-शस्त्र प्रथम वापरलें. मुंबईंतील परळचें के. ई. एम. रुग्णालय सुरू झालें तेंहि याच वर्षीं. पुढें 1990 सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनीं दुर्बिणीच्या साहाय्यानें पित्ताशय काढण्याची भारतांतील पहिली शस्त्रक्रिया केली, आणि लहान छेदाच्या शस्त्रक्रियेचें युग आपल्याकडे उघडलें.

गांठी जाळण्यासाठीं जो विद्युत्-प्रवाह सुईंतून सोडतात, त्याचीं कंपनें सेकंदास सुमारें पांच लाख असतात. आकाशवाणीचीं मध्यम लहरींवरील केंद्रें साधारण सव्वापांच लाखांपासून सोळा लाख कंपनांपर्यंतच्या पट्ट्यांत बोलतात. म्हणजे हा प्रवाह आपल्या रेडिओच्या अगदीं शेजारचा आहे. त्याच्या उपचाराला रेडिओ-लहरींचा उपचार म्हणतात तें यामुळेंच. दुसरा प्रकार सूक्ष्मलहरींचा. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टी ज्या लहरींवर चालते त्याच जातीच्या लहरी तेथें वापरतात. तिसरा लेसरच्या प्रकाशाचा.

येथें एक विलक्षण अडचण उभी राहते. रेडिओ-लहरींचा प्रवाह मज्जातंतूला धक्का देत नाहीं, हा त्याचा गुण आहे. पण त्यामुळेंच मज्जातंतु धोक्यांत आला तरी स्नायु उडून वैद्याला इशारा मिळत नाहीं. तंतु निमूटपणें भाजला जातो. रोगी गुंगींत असेल तर त्यालाहि कळत नाहीं. तेव्हां इशारा देण्याची व्यवस्था वैद्याला निराळी करावी लागते.

किती उष्णतेनें किती हानि होते, याचे आंकडे सामान्यतः असे आहेत. आपलें शरीर 37 अंश सेंटिग्रेडवर असतें. तपमान 45 अंशांच्या आसपास जाऊन तेथें टिकलें तर मज्जातंतूला इजा होऊं लागते. 50 च्या पुढें कांहीं मिनिटांत पेशी मरतात. 60 अंशांवर, अंड्याचा पांढरा बलक थिजावा त्याप्रमाणें, पेशींतील प्रथिनें जवळजवळ तत्काळ थिजतात. गांठ जाळण्यासाठीं तिच्यांत 60 ते 100 अंश उष्णता उत्पन्न करावी लागते. म्हणजे सुईच्या टोंकाशीं रोगाला मारणारी उष्णता हवी, आणि एखाद्या सेंटिमीटरवर 45 च्या आंतली हवी. सगळें कौशल्य या एका सेंटिमीटरांत आहे.

आतां उदाहरणें घेऊं. आपल्या घरांत पुष्कळ आढळणारा विकार म्हणजे पायांच्या शिरा फुगून गांठाळणें. त्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. ज्यांना तासन् तास उभें राहावें लागतें, अशा शिक्षकांना, पोलिसांना, दुकानदारांना, स्वयंपाक करणाऱ्या बायकांना हा त्रास अधिक जाणवतो. घराण्यांत असेल तरी होतो. शिरेंतील झडपा निकामी होऊन रक्त खालीं सांचतें, पाय जड होतो, सुजतो, घोट्याजवळची कातडी काळवंडते आणि शेवटीं तेथें न भरणारी जखम होते. पूर्वीं ही शीर जांघेपासून घोट्यापर्यंत ओढून काढीत असत. परंतु गुडघ्याखालीं या शिरेला अगदीं लगटून एक मज्जातंतु जातो, आणि पिंडरीच्या मागच्या शिरेबरोबरहि दुसरा एक जातो. शीर ओढतांना ते दुखावत आणि पायाच्या आंतल्या किंवा बाहेरच्या बाजूला बधिरपणा येई. म्हणून शीर गुडघ्यापर्यंतच काढावी, असा शहाणपणा अनुभवानें आला.

1999 च्या सुमारास शीर न ओढतां आंतून तापवून बंद करण्याची पद्धत पुढें आली. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत शिरेंत एक बारीक नळी सरकवितात. हल्लींच्या एका प्रचलित पद्धतींत नळीच्या टोंकाचा सात सेंटिमीटरांचा भाग 120 अंशांपर्यंत तापतो आणि एकेका जागीं वीस सेकंद ठेवितात. एवढ्या उष्णतेपासून शेजारच्या मज्जातंतूला आणि वरच्या त्वचेला वांचवावयाचें कसें? उत्तर आहे पाणी. शिरेच्या भोंवतीं सर्व बाजूंनीं थंड मिठाचें पाणी, त्यांत अत्यंत सौम्य केलेलें बधिर करणारें औषध घालून, सुईनें भरतात. शरीराचा हा बधिरीकरणाचा प्रकार अमेरिकेंतील जेफ्री क्लाइन यांनीं 1987 सालीं चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठीं प्रसिद्ध केला होता. तो येथें कामीं आला. हें पाणी तीन कामें करतें. तें दुखणें थांबवितें. शिरेला दाबून तिची भिंत नळीला चिकटवितें, म्हणजे उष्णता जेथें हवी तेथेंच लागते. आणि मज्जातंतूला व त्वचेला शिरेपासून दूर ढकलून मध्यें थंड पट्टा उभा करतें. भाट्याच्या पुळणीवरची ओली वाळू आठवावी. त्वचा आणि शीर यांत निदान एक सेंटिमीटर अंतर पडावें, असा प्रयत्न असतो.

येथेंहि एक सावधगिरी आहे. पाण्यांतील औषधानें आसपासचा मज्जातंतुहि बधिर होतो, तेव्हां रोग्याला झळ लागली तरी ती कळेलच असें नाहीं. म्हणून पाणी अंदाजानें भरून चालत नाहीं. शिरेभोंवतीं पूर्ण कडें झालेलें सोनोग्राफींत डोळ्यांनीं पाहावें लागतें. गुडघ्याखालच्या भागांत शीर कोठवर तापवावी याचाहि निर्णय जपून घ्यावा लागतो. तेथें थोडा दोष राहिला तरी चालेल, पण तंतु दुखावूं नये, असा विचार पुष्कळ वैद्य करतात, आणि उरलेल्या लहान शिरांवर उष्णतेवांचून दुसरे उपाय योजतात.

दुसरें उदाहरण गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीच्या गांठीचें. साध्या, कर्करोग नसलेल्या गांठी रेडिओ-लहरींच्या सुईनें जाळून लहान करतां येतात, आणि गळ्यावर व्रण राहत नाहीं. परंतु ग्रंथीच्या मागें, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधील खांचेंतून स्वरयंत्राकडे जाणारा मज्जातंतु असतो. त्याला झळ लागली कीं आवाज घोगरा होतो. शिक्षकाला, कीर्तनकाराला, बाजारांत हांक देऊन मासे विकणाऱ्या बाईला आवाज ही उपजीविकाच आहे. म्हणून सुई गळ्याच्या मध्यभागांतून आडवी नेतात, म्हणजे टोंक कोठें आहे तें सतत दिसतें. सुई एका जागीं खिळवून न ठेवतां गांठीचे लहान लहान भाग एकामागून एक जाळतात. आणि मज्जातंतूच्या बाजूचा थोडा भाग मुद्दाम सोडून देतात. शिवाय रोग्याला जागा ठेवून मधून मधून बोलावयास लावतात. आवाज बदलतांच काम थांबवितात.

या ठिकाणींहि गांठ आणि मज्जातंतु यांच्यामध्यें द्रव भरतात, पण तो मिठाचा नव्हे, पाण्यांत शेंकडा पांच या प्रमाणांत विरघळविलेल्या डेक्स्ट्रोज साखरेचा. याचें कारण मनोरंजक आहे. पायाच्या शिरेंत नळीचें टोंक स्वतःच तापतें, तेथें मिठाच्या पाण्यानें कांहीं बिघडत नाहीं. पण गांठीच्या सुईंतून वीज प्रत्यक्ष शरीरांत शिरते, आणि मिठाचें पाणी वीज वाहून नेतें. तें मध्यें भरलें तर संरक्षक भिंतच विजेची वाट होईल. साखरेचें पाणी वीज नेत नाहीं. भिंत बांधावयाची ती कशाची, हें ज्या अग्नीपासून वांचावयाचें त्यावर अवलंबून असतें.

तिसरें उदाहरण हाडाचें आहे. तरुणांच्या हाडांत कधीं कधीं ज्वारीच्या दाण्यापासून सुपारीएवढी एक निरुपद्रवी गांठ होते. तिला ऑस्टिऑइड ऑस्टिओमा म्हणतात. ती रात्रीं फार दुखते आणि ॲस्पिरिनसारख्या औषधानें उतार पडतो. पूर्वीं त्यासाठीं हाडाचा तुकडा काढीत. बॉस्टनच्या डॉ. डॅनियल रोझेन्थाल यांनीं 1992 सालीं सुईनें ती जाळण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि 90 अंशांवर सुमारें सहा मिनिटें, हें तिचें प्रमाण रूढ झालें. ही गांठ पाठीच्या कण्यांत असेल तर मज्जारज्जु आणि त्याचे फांटे हाताच्या अंतरावर नव्हेत, मिलिमीटरांच्या अंतरावर असतात. तेव्हां वैद्य मज्जातंतूजवळ उष्णतामापकाची एक निराळी बारीक तार ठेवतात आणि तेथील पारा 45 अंशांकडे चढूं लागला कीं प्रवाह बंद करतात. मध्यें द्रव किंवा कर्बवायु भरून अंतर वाढवितात; वायु हा उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळें त्याचीहि भिंत होते. रोगी पूर्ण गुंगींत असेल तर मेंदूपासून पायाच्या स्नायूपर्यंत विजेचा संदेश पाठवून वाट चालू आहे कीं नाहीं तें यंत्रावर पाहत राहतात.

कधीं कधीं मज्जातंतूच जाळावयाचा असतो. कण्याच्या लहान सांध्यांतील जुनाट दुखण्यावर त्या सांध्याकडे जाणारी बारीक शाखा साधारण 80 अंशांवर दीड मिनिट तापवितात. पायाकडे जाणारा मोठा मज्जातंतु जवळच असतो. म्हणून जाळण्यापूर्वीं त्याच सुईंतून सेकंदास दोन कंपनें असा मंद प्रवाह सोडून पाहतात. पायाचा स्नायु उडाला तर सुई चुकीच्या जागीं आहे. ती मागें घेतात. जाळणारा प्रवाह इशारा देत नाहीं, म्हणून इशारा देणारा प्रवाह आधीं पाठवितात, असा हा न्याय आहे.

पोटांतील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेंत आणखी निराळीं पथ्यें आहेत. विद्युत्-शस्त्राच्या दांड्यावरील वेष्टन कोठें फाटलें असेल तर पडद्यावर न दिसणाऱ्या जागीं भाजतें. म्हणून उपकरणें तपासून घ्यावीं लागतात. ज्या चिमट्याच्या दोन टोंकांमध्येंच वीज खेळते, त्याची झळ कमी पसरते. सेकंदास 55 हजारांवर कंपनें करणारें शस्त्र विजेशिवाय कापतें खरें, पण काम थांबल्यावरहि त्याचें पातें कांहीं क्षण तापलेलें राहतें. तें तसेंच मज्जातंतूला टेंकवूं नये. पुरःस्थ ग्रंथीच्या शस्त्रक्रियेंत, 1982 सालीं अमेरिकेंतील डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनीं मज्जातंतु राखून ग्रंथि काढण्याची रीत दाखविल्यापासून, त्या तंतूंपाशीं उष्णता न वापरतां चिमटे आणि कात्री यांनींच काम करावें, असें पुष्कळ शस्त्रवैद्य मानतात. अग्नि कोठें वापरूं नये, हें ठरविणें हेंहि अग्निकर्माचेंच अंग आहे.

इतकी काळजी घेऊनहि क्वचित् इजा होते. ती बहुधा तात्पुरती असते. तंतूच्या बाहेरचें आवरणच दुखावलें असेल तर कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत संवेदना परत येते. आंतला तंतु तुटला आणि त्याची वाट शाबूत असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनें पुन्हां वाढतो; म्हणजे वीतभर अंतराला सहासात महिने लागतात. या काळांत बधिर भागाला जपणें हें घरच्यांचें काम आहे. मधुमेह्याला तर याची दुप्पट गरज आहे. ज्या पायाला ताप कळत नाहीं तो दुपारच्या वाळूवर किंवा तापलेल्या कातळावर भाजला तरी माणूस चालतच राहतो, आणि फोड संध्याकाळीं दिसतो. पाऊल उचलत नसेल, बधिरपणा पसरत असेल किंवा आवाज बसला असेल तर ‘होईल बरें’ म्हणून वाट न पाहतां ताबडतोब वैद्याला कळवावें.

शेवटीं रोग्यानें विचारावयाच्या गोष्टी सांगतों. ज्या भागाला उष्णता देणार त्याच्या जवळ कोणता मज्जातंतु आहे? तो दूर ठेवण्यासाठीं काय करणार? मला गुंगी देणार, कीं जागें ठेवणार, आणि गुंगी देणार असाल तर तंतूवर लक्ष कसें ठेवणार? उष्णतेवांचून दुसरा उपाय आहे काय? हे प्रश्न विचारण्यांत अविश्वास नाहीं. ज्या वैद्यानें विचार केला आहे त्याच्यापाशीं उत्तरें तयार असतात. तसेंच आपणहि कांहीं लपवूं नये. मधुमेह, आधींचा बधिरपणा, मागची एखादी शस्त्रक्रिया, आवाजावर चालणारा धंदा, हें सारें आधींच सांगावें. आधींचा बधिरपणा लिहून ठेविला नसेल तर नंतरचा कोणता तें कोणालाच कळत नाहीं. आणि शस्त्रक्रिया चालू असतां जागे असाल तर मुंग्या आल्या, वीज चमकल्यासारखें झालें, चटका खालीं पावलाकडे धांवला, तर दांत आंवळून सोसूं नका, तत्क्षणीं बोला. सोसण्याची आपल्याकडे फार थोरवी गातात, पण या टेबलावर ती उपयोगाची नाहीं. पडद्यावर न दिसणारी बातमी कित्येकदां रोग्याच्या तोंडूनच कळावयाची असते.

भाट्याहून पूल ओलांडून रत्नागिरीस, किंवा घाट चढून कोल्हापुरास, किंवा मुंबईस उपचारासाठीं जाणाऱ्या प्रत्येकानें एवढें मनाशीं बाळगावें, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.